कुंपणाबाहेरची ओळ

आमच्या द्राक्षबागेला सगळे पानमळाच म्हणायचे. त्या जागेत नागवेलीचं शेवटचं पान खुडलं गेलं त्यालाही बरीच वर्षं झाली होती, पण नाव काही सुटलं नव्हतं. काष्टीच्या बाजाराला निघालेली माणसं गाडीवाटेवरून हाळी द्यायची, "पानमळ्यात कोन हाय का?" आणि आतून, द्राक्षाच्या मांडवाखालून, कुणीतरी ओ द्यायचं. नवी सून म्हणून आले तेव्हा मला याची मोठी गंमत वाटली. पुढे कळलं की नावाबरोबर पानमळ्याचे कायदेही तिथेच मुक्कामाला राहिले आहेत.

मळ्याला चारी बाजूंनी बाभळीच्या काट्यांचं कुंपण होतं आणि आत जायला एकच फाटक. चपला फाटकाबाहेर काढायच्या. आत थुंकायचं नाही, भांडायचं नाही. आणि जिला कावळा शिवला असेल त्या बाईने फाटकाच्या आत पाऊल टाकायचं नाही, तिचा हात लागलेलं पाणीसुद्धा आत न्यायचं नाही. नागवेल फार सोवळी, विटाळ झाला की जळून जाते, असं माझ्या सासूबाईंचं ठाम मत होतं. त्यांचा पानमळा बसला तो एका बाईने लपवाछपवी केल्यामुळे, असं त्या आयुष्यभर सांगत राहिल्या. सासरे म्हणत, विहिरीने तळ गाठला म्हणून बसला. मला विचाराल तर माझं मत सासऱ्यांच्या बाजूला होतं, पण मला कोणी विचारत नव्हतं.

मी घाटमाथ्यावरच्या अकोले तालुक्यातली, डोंगरातली. आमच्याकडे भात. आषाढात आवणी सुरू झाली, म्हणजे रोपं उपटून चिखलात लावायची घाई आली, की गावातली चालती-फिरती प्रत्येक बाई गुडघाभर पाण्यात असायची. घरात चूल-देव्हारा यांचं सोवळं-ओवळं आमच्याकडेही होतं, पण खाचरात उतरताना कुणी कुणाला काही विचारत नसे. रोप पिवळं पडायच्या आत लागलं पाहिजे, एवढंच सगळ्यांना ठाऊक. त्यामुळे सासरचा हा फाटकावरचा पहारा बघून पहिल्या दिवसापासून माझ्या डोक्यात तिडीक जायची. तोंडाने मात्र मी "बरं आत्याबाई" म्हणायची. सासूबाईंना आम्ही सुना आत्याबाई म्हणायचो आणि सासऱ्यांना मामा.

दुष्काळ पडला त्याच्या आधीच्या दोन हंगामांतली ही हकीकत आहे. द्राक्षाची बाग माझ्या नवऱ्याच्या हट्टाने लागली होती. बिनबियांचं वाण, तेव्हा आमच्या भागात नवंच. दगडी खांब, वर तारांचा मांडव, त्यावर वेल. वेल तारेवर चढवताना प्रत्येक काडी मी माझ्या हाताने सुतळीने बांधली होती. घरात भाजीला मीठ किती घालायचं हेसुद्धा मला विचारून घालावं लागे. बागेत मात्र माझ्या हाताला कोणी अडवत नव्हतं, कारण द्राक्षातलं कुणालाच काही कळत नव्हतं. मला ती बाग हवी होती. यात नवऱ्याच्या हौसेचा वाटा थोडा, माझा स्वतःचा स्वार्थ जास्त.

पण मणी धरायचा तो वाटाण्याएवढा. गोडीला कुठे कमी नव्हती, पण पुण्याचे व्यापारी यायचे, एक मणी तोंडात टाकायचे, मान डोलवायचे आणि "माल बारीक आहे" म्हणून निघून जायचे. दोन वर्षं असं झाल्यावर सासऱ्यांनी ओसरीवर बसून निकाल सांगितला, "यंदा मनी फुगला तर ठीक. न्हाई तर शिमगा झाला की मांडव उतरायचा. कारखान्याला ऊस घालू, डोक्याला ताप न्हाई." सासरे तोडून बोलणारे नव्हते, पण एकदा बोलले की फिरवतही नसत.

त्याच पावसाळ्यात माझा नवरा नाशिककडच्या एका बागायतदाराकडे जाऊन आला. येताना त्याने बोटाएवढी एक बाटली आणली, तळाला चिमूटभर पांढरी भुकटी. संजीवक म्हणायचं तिला. ती आधी स्पिरिटमध्ये विरघळवायची, मग बादलीभर पाण्यात घालायची आणि त्या पाण्यात प्रत्येक घड एकेक करून बुडवायचा. मणी फुगतो, लांबट होतो, साल कुरकुरीत होते. "म्हंजी द्राक्षाला सूज आनायची," सासरे म्हणाले आणि आपल्याच विनोदावर खोकला येईपर्यंत हसले. सासूबाईंनी बाटलीचं बूच उघडून वास घेतला, नाक मुरडलं आणि बाटली पदराने पुसून कोनाड्यात ठेवली.

सगळं गणित वेळेत होतं. त्या बागायतदाराने माझ्या नवऱ्याला बजावून सांगितलं होतं, मणी ज्वारीच्या दाण्याएवढा झाला की बुडवायचा. बाजरीएवढा असताना घाई नको, आणि हरभऱ्याएवढा झाला की वेळ गेली, मग अमृतात बुडवलंत तरी उपयोग नाही. थंडीत मणी धरल्यावर मी रोज सकाळी ज्वारीचे चार दाणे मुठीत घेऊन मांडवाखाली जायची आणि घडाशेजारी धरून बघायची. जाऊबाई मला हसायच्या. माझी ही थोरली जाऊ पोटातलं ओठावर आणायची नाही, पण हसायला कधी कमी करायची नाही.

एका सकाळी दाणा आणि मणी सारखे दिसले. मी पळत घरी आले. बायका सांगितल्या होत्या त्यातल्या दोघी कांदा लावायला दुसरीकडे गेल्या होत्या, जाऊबाई आदल्या दिवसापासून बाजूला बसल्या होत्या. म्हणजे उरलो मी, सासूबाई, माझा नवरा आणि एक मजूरबाई. म्हटलं, काही हरकत नाही, दोन दिवस लागतील. विहिरीवर, कुंपणाच्या बाहेर, मी दोन बादल्या भरल्या. नवऱ्याने माप सांगितलं, मी औषध घातलं, काठीने ढवळलं. आणि बादल्या उचलताना माझ्या लक्षात आलं की मी स्वतःच बाजूला बसायला हवं.

गप्प बसता आलं असतं. पण आपल्याच बागेत चोरासारखं शिरायचं मला मनापासून पटत नव्हतं.

फाटकाशी एक दगड होता. कामाच्या दिवशी सासूबाई त्यावर बसायच्या आणि आत जाणाऱ्या प्रत्येक बाईला विचारायच्या, "बरी हायस न्हवं?" त्याचा अर्थ सगळ्यांना ठाऊक होता. मजूरबाई "व्हय" म्हणून आत गेली. मला विचारलं तेव्हा मी म्हणाले, "न्हाई आत्याबाई. आत्ताच कळलं."

त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग बादल्यांकडे. "ह्यात तुझा हात हाय?"

"मीच कालवलंय."

"मग ओता ते बाभळीच्या बुडाला. आन चार दिवसांनी घ्या सगळं. तू बी उठशील, थोरली बी उठंल, बाया बी येतील."

माझा नवरा म्हणाला, "आई, चार दिवस न्हाई चालायचं. मनी मोठा व्हतो."

"आरं, पान खुडायचं असलं तरी आमी थांबायचो. चार दिवसांत पान काय पळून गेलं का कधी?"

"आई, हे पान न्हाई."

"येलच हाय ना?" सासूबाई म्हणाल्या. त्यांच्या लेखी विषय संपला होता. पान वेलीवर चार दिवस जास्त राहिलं तर उलट पिकून चांगलं होतं, हे त्यांनी जन्मभर पाहिलेलं. द्राक्षाच्या मण्याला तसं थांबता येत नाही, हे त्यांना कुठून कळणार? आज मला हे समजतं. त्या वेळी नुसता संताप आला होता. सासरेही तिथेच होते, ते विहिरीकडे बघत उभे राहिले, कारण मळ्याच्या सोवळ्यात ते कधी बोलत नसत. माझा नवरा तर आईपुढे मूग गिळूनच बसायचा. त्याने एक बादली उचलली आणि खरंच बाभळीच्या बुडाशी ओतली. तो वास अजून माझ्या नाकात आहे.

दुसऱ्या बादलीची कडी मी दोन्ही हातांनी धरली. म्हणाले, "ही न्हाई ओतायची."

"आत न्यायची न्हाई."

"आत न्हाईच नेत. भायेरच्या वळीला लावते."

बाहेरची ओळ म्हणजे बागेचं सावत्र पोर. लागणीच्या वेळी काही रोपं उरली, सासऱ्यांच्याने ती टाकवेनात, म्हणून कुंपण आणि गाडीवाट यांच्या मधल्या पाटाच्या कडेने त्यांनी ती लावून टाकली होती. बाभळीच्या मेढी, दोन तारा, झाली ओळ. तिथे मांडव नव्हता, राखण नव्हती. शेळ्या पाला ओरबाडायच्या, येणारा-जाणारा घडाला हात घालायचा, चपलांसकट. तिला कोणी मळा मानत नव्हतं, म्हणून मळ्याचा कायदाही तिला लागू नव्हता. सासूबाईंनाही यावर काही बोट ठेवता येईना. शेवटी त्या म्हणाल्या, "वळ वाळली तर माज्याकडं बघायचं न्हाई."

"न्हाई बघत," मी म्हणाले.

दिवसभर मी एकटी ती ओळ बुडवत होते. जर्मनचा, म्हणजे ॲल्युमिनियमचा, पेला औषधाने भरायचा, घडाखाली धरून वर उचलायचा, घड पुरता बुडला की पेला खाली घ्यायचा आणि घडाला बोटाने हलकी टिचकी मारायची, म्हणजे शेंड्याला थेंब साचून राहत नाही. पाणी मनगटावरून कोपरापर्यंत ओघळायचं. पोटात कळा येत होत्या, कंबर धरली होती, आणि गाडीवाटेने जाणारी प्रत्येक बाई थांबून विचारत होती, "हे काय न्हाऊ घालतीस काय द्राक्षाला?" मी पुढचा घड धरत होते. मला भीती वाटत होती. ते औषध मी कधी लावलेलं नव्हतं, कुणी लावताना पाहिलंही नव्हतं. त्याने ओळ जळाली असती तर दोष औषधाला कुणी दिला नसता, माझ्या हाताला दिला असता, आणि त्या बागेत मला पुन्हा तोंड दाखवायला जागा उरली नसती. तरी एकही घड सोडायचा नाही असं ठरवून मी पाटाच्या शेवटापर्यंत गेले.

चार दिवस गेले. मी उठले तर अमावास्या आली, आणि नव्या औषधाला अमावास्या कशी चालेल? मग कांद्यावरच्या बाया आणखी लांबल्या. बाटलीत उरलेली भुकटी कालवून आतल्या बागेत पेला फिरला तोवर मणी हरभऱ्याला टेकला होता. मी मुठीतले ज्वारीचे दाणे पाटात फेकून दिले आणि इतरांबरोबर मान मोडेपर्यंत घड बुडवले. माझी ओळ फुगावी असं मला वाटत होतंच, पण आतली बाग फुगावी असं त्याहून जास्त वाटत होतं. माझ्या एका ओळीवर कोणी मांडव ठेवणार नव्हतं.

माघ सरता सरता फरक दिसू लागला. बाहेरच्या ओळीतले मणी लांबट झाले, मग जाड झाले, मग घडात मावेनात म्हणून एकमेकांना रेटू लागले. शेळ्यांच्या भीतीने मी तिच्याभोवती काटे आणून रचले आणि जेवणाची भाकरीही तिथेच बसून खाऊ लागले. एका म्हाताऱ्याने घडाला हात घातला तेव्हा मी इतक्या जोरात ओरडले की त्याच्या बैलांनी कान टवकारले. आतली बाग मात्र मागच्या वर्षीसारखीच. थोडी बरी म्हणता येईल इतकीच. रोज फाटकातून आत-बाहेर करणाऱ्या प्रत्येकाला दोन्हीकडचे घड दिसत होते, आणि घरात कोणी त्याबद्दल अवाक्षर काढत नव्हतं. मला वाटायचं, ओरडून विचारावं, डोळे फुटले काय सगळ्यांचे?

शिमग्याच्या तोंडावर व्यापारी आला. सासऱ्यांनी त्याला आत नेलं, मांडवाखालून फिरवलं. त्याने मणी तोंडात टाकला, मान डोलावली, आणि जे म्हणायचं तेच म्हणाला. मी फाटकाबाहेर पदर सावरून उभी होते. व्यापारी बाहेर आला, चपला पायात सरकवल्या, आणि सरळ उभा राहताना त्याला ती ओळ दिसली. काटे बाजूला करून तो आत घुसला. एक घड तळहातावर तोलला.

"हे वाण वेगळं दिसतंय."

"एकाच काडीचं हाय," सासरे म्हणाले.

"मग हे असं आणि ते तसं कसं?"

सासऱ्यांनी माझ्या नवऱ्याकडे पाहिलं, नवऱ्याने जमिनीकडे. सासूबाई दगडावर बसल्या होत्या, त्यांनी कुंपणातली एक काटकी उपसून हातात फिरवायला सुरुवात केली. परक्या माणसासमोर सुनेने बोलायची रीत नव्हती, म्हणून मी पदराचं टोक दातांत धरून ठेवलं. व्यापाऱ्याने घड अलगद सोडला आणि म्हणाला, "सगळी बाग अशी असेल त्या वर्षी मला सांगावा धाडा. दुसऱ्या कुणाला दाखवू नका."

त्या दिवशी जेवताना सासरे म्हणाले, "मांडव ऱ्हाऊ द्या. आनखी एक साल बघू." एवढंच. का, कुणामुळे, काही नाही. सासूबाईंनी त्यांच्या ताटात भाकरी टाकली, माझ्याकडे बघितलंही नाही. मला शाबासकी नको होती, असं म्हटलं तर ते खोटं होईल. मला हवी होती. ती मिळाली नाही म्हणून मी चुलीपुढे बसून रडले, आणि धुराने डोळे चुरचुरतात असं जाऊबाईंना सांगितलं. त्या नेहमीसारख्या हसल्या नाहीत. चुलीतलं लाकूड त्यांनी मागे ओढलं आणि माझ्या हातातली परात घेऊन उरलेल्या भाकरी स्वतः थापल्या.

पुढचं वर्ष शेवटचं, हे सगळ्यांना माहीत होतं. पाऊस नीट झाला नव्हता, विहीर आधीच खाली गेली होती. या वेळी वेळ चुकली तर ऊसही लागला नसता आणि द्राक्षंही राहिली नसती. छाटणी झाली त्याच दिवशी मी नवऱ्याला सांगून टाकलं, "औषधाच्या दिवशी मी कशीही असले तरी आत जाणार आहे."

"आन आईचं काय?"

"त्यांचं मी बघते."

"आईला चोरून?"

"सांगून."

त्याने छाटणीची कात्री पुसून कोनाड्यात ठेवली. मग म्हणाला, "मी बादल्या आत नेऊन ठेवीन." त्याच्याकडून एवढं म्हणजे पुष्कळ होतं.

थंडी पडली, मणी धरला, मी पुन्हा मुठीत ज्वारी घेऊन हिंडू लागले. सासूबाईंना काय बोलायचं ते मी मनात घोकत असे. आमच्याकडची आवणी सांगायची. बाहेरची ओळ दाखवायची. आणि तरीही अडवलं तर त्यांच्या बाजूने पाऊल टाकून आत जायचं, मग घरात राहू दिलं तर राहायचं, नाही तर माहेरची एसटी धरायची. इथपर्यंत मी मनाची तयारी केली होती. मी पोकळ धमक्या देणारी बाई नाही, तेव्हाही नव्हते.

आणि दाणा-मणी सारखे झाले त्याच सकाळी मला कावळा शिवला. कॅलेंडर बघून दिवस मोजले असते तर आधीच कळलं असतं, पण मी मोजलेच नव्हते. मोजून काय करायचं होतं?

विहिरीवर मी सगळ्या बादल्यांत नवऱ्याने नव्याने आणलेलं औषध कालवलं, या वेळी पुरतं माहीत असून. बाया आल्या. नवऱ्याने एकेक बादली उचलून आत नेली. सासूबाई दगडावर बसल्या होत्या. त्या बायांना एकेकीला विचारत होत्या, "बरी हायस न्हवं?" एक बाई मागे फिरली, बाकीच्या आत गेल्या. शेवटी मी. मी त्यांच्यासमोर उभी राहिले आणि प्रश्नाची वाट पाहू लागले.

त्यांनी विचारलं नाही. त्या माझ्या खांद्यावरून पलीकडे, पाटाच्या ओळीकडे बघत होत्या.

मला राहवेना. "आत्याबाई, मी बाजूला हाय," मी म्हणाले.

"मी इचारलं का तुला?"

मी घोकलेलं सगळं तोंडातच राहिलं. त्यांनी मागे वळून, परत निघालेल्या त्या बाईलाही हाक मारली, "आगं ये, तू बी ये. मनी मोठा व्हायलाय." ती बावचळून जागीच थांबली. मी फाटकाला हात लावला, एक पाय उचलला, तेव्हा सासूबाईंनी हातातली काटकी आडवी केली.

"आंधळी हायस का?" त्या म्हणाल्या. "चपला काढ आधी."

मी चपला काढल्या, त्यांच्या दगडाशेजारी नीट लावून ठेवल्या, आणि आत गेले.